फिनलंड व्हाया किल्डेअर

आयर्लंडमधल्या डून लेरीच्या भाड्याच्या घरात रविंद्रराव भुसारी वॉशिंग मशीनमधून जावयाचे मोजे बाहेर काढत होते, त्याच वेळी नागपुरात त्यांचं फिनलंडमधल्या सूर्यास्ताचं वर्णन वाचून एकेचाळीस ज्येष्ठ नागरिक गहिवरले होते.

"अहो, कधीचा फोन वाजून राहिला तुमचा. पाहा तरी," सुलेखाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

रविंद्ररावांनी पाहिलं. 'उद्यानमित्र ज्येष्ठ मंडळा'च्या ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आला होता. 'वा रविंद्रभाऊ! सगळं जग दाराला कडी लावून बसलं असताना तुम्ही फिनलंडात!' 'एकाहत्तराव्या वर्षी काय ही जिद्द!' 'हेलसिंकीच्या बंदरावरचा संध्याकाळी सातचा सूर्यास्त वाचून डोळे भरून आले.'

"सुलेखा," एका हातात मोजा आणि एका हातात फोन धरून ते म्हणाले, "मी फिनलंडला पोचलो म्हणून राहिले सगळे."

हे साल होतं २०२० आणि महिना जूनचा. फेब्रुवारीत दोघं मुलीकडे आले होते. मे महिन्यात मुलगी-जावयाबरोबर फिनलंडला जायचं, तळ्यांमधून गेलेली ती सुप्रसिद्ध टेकाडाची धार बघायची, जवळचा किल्ला बघायचा आणि जूनमध्ये नागपूरला परत, असा बेत होता. मार्चमध्ये विमानं बंद झाली, सरकारने परदेशी पाहुण्यांचा मुक्काम आपणहून वाढवून दिला, आणि घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर पाऊल टाकायला बंदी आली. रविंद्रराव गेले तीन महिने समुद्रकाठच्या एकाच बाकापर्यंत जात होते आणि परत येत होते. फिनलंडचं त्यांनी विमानसुद्धा पाहिलं नव्हतं.

मग लेख कसा छापून आला? तर प्रवासवर्णन लिहिण्याची रविंद्ररावांची एक खास पद्धत होती. ते प्रवासाच्या आधी लिहीत. वीज मंडळातून अधीक्षक अभियंता म्हणून निवृत्त झालेला माणूस तो. आधी अंदाजपत्रक, मग काम, ही जन्माची सवय. "तिकडे गेल्यावर पाहण्यात वेळ जाते, लिहायला फुरसत कुठं मिळते?" असं त्यांचं म्हणणं. नकाशे, माहितीपुस्तिका आणि वाचनालयातली तीन पुस्तकं समोर ठेवून ते घरीच सगळं लिहून काढत, आणि प्रत्यक्ष स्थळी जाऊन फक्त मेळ बसतो की नाही तेवढं पाहत. भूतान त्यांनी असंच लिहिलं होतं, केरळही असंच. आजवर वास्तवाने त्यांना कधी फार त्रास दिला नव्हता.

फिनलंडचे पाच लेख त्यांनी जानेवारीतच लिहून मंडळाचे अध्यक्ष आणि मंडळाच्या पाक्षिकाचे संपादक विनय यांच्याकडे दिले होते. 'मी फोन केल्यावर छापा' असं बजावून. लेख वर्तमानकाळात होते, कारण वर्तमानकाळात लिहिलं की वाचक सोबत चालतो असा रविंद्ररावांचा अनुभव होता. पण टाळेबंदीत पाक्षिकाला मजकूर मिळेना. काढ्याच्या कृती सलग चार अंक छापून झाल्यावर विनयभाऊंनी कपाट उघडलं.

"मग सांगून टाका ना, गेलो नाही म्हणून," सुलेखाबाई म्हणाल्या. सुलेखाबाईंना खोटं चालत नसे. शेजारणीने साडी दाखवली आणि ती वाईट असली, तर त्या वाईट म्हणत.

"सांगतोच आता."

रविंद्रराव खुर्चीवर बसले आणि एका बोटाने टाइप करू लागले. 'मित्रहो, एक गैरसमज झाला आहे. मी अद्याप' इथपर्यंत ते पोचले होते, तेवढ्यात गिरीश पांढरीपांडे यांचा संदेश आला.

'हार्दिक अभिनंदन. मला वाटलं नव्हतं तुमच्याच्यानं जमेल.'

रविंद्ररावांनी टाइप केलेलं सगळं पुसलं आणि हात जोडलेलं चित्र पाठवून दिलं.

गिरीशभाऊंचं प्रकरण जुनं होतं. बारा वर्षं दोघं एकाच बागेत सकाळी फिरत होते आणि बारा वर्षं गिरीशभाऊ अर्धं पाऊल पुढे चालत होते. दोन वर्षांपूर्वी ते टूर कंपनीबरोबर नॉर्वे करून फिनलंडला जाऊन आले, आणि मंडळाच्या सभागृहात त्यांनी एकशे बारा चित्रांचं व्याख्यान दिलं. रविंद्रराव पहिल्या रांगेत होते. त्यांना प्रत्येक चित्राला टाळ्या वाजवाव्या लागल्या. घरी येताना त्यांनी वाचनालयातून फिनलंडवरची तिन्ही पुस्तकं उचलली होती.

पुढे सगळं ओघानेच झालं. पंधरा जूनला सरोवरातल्या आगबोटीचा लेख आला. एक जुलैला बेटावरच्या दगडी किल्ल्याचा. पंधरा जुलैला लाकडाच्या त्या अवाढव्य चर्चचा. दर लेखागणिक खरं सांगणं अवघड होत गेलं, कारण आता फक्त 'गेलो नाही' सांगून भागणार नव्हतं; 'मग इतके दिवस हात का जोडत होता' तेही सांगावं लागणार होतं. एक ऑगस्टला पुन्काहार्यूच्या, म्हणजे त्या सुप्रसिद्ध टेकाडाच्या धारेचा लेख आला, आणि विनयभाऊंनी जाहीर केलं की मंडळातर्फे रविंद्रभाऊंना 'प्रवासभूषण' पुरस्कार देण्यात येत आहे. कार्यक्रम ऑनलाइन. रविवार, सोळा ऑगस्ट, संध्याकाळी पाच. सत्कारमूर्ती थेट त्या धारेवरून बोलतील.

रविंद्ररावांनी दोन दिवस ग्रुपवर काही लिहिलं नाही. मंडळाने तो होकार धरला आणि निमंत्रणपत्रिका काढली.

"बाबा, ऑनेस्टली, आजारी आहे म्हणून सांगा ना," जावई यशोधन जेवताना म्हणाला. तो चेरीवूडच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनियर होता आणि अडचणीतून बाहेर पडण्याचे दोनच मार्ग त्याला माहीत होते: बंद करून पुन्हा चालू करणं, नाहीतर आजारी असल्याचं कळवणं.

"आजारी म्हटलं की चाळीस फोन येतील. कोविड झाला का विचारतील. फिनलंडच्या हॉस्पिटलचं नाव विचारतील."

"बाबा, खरं सांगून टाका. माणसं हसतील दोन दिवस आणि विसरतील," मुलगी ज्ञानदा म्हणाली. ती हॉस्पिटलात डॉक्टर होती, तिला लोकांना वाईट बातमी सांगायची सवय होती.

"दोन दिवस? गिरीश दोन दिवसांत सोडते का? मी मरेन ना, तर शोकसभेत सांगेल तो."

वातावरण हलकं करावं म्हणून यशोधन सहज बोलून गेला, आणि त्या वाक्याचा पश्चात्ताप त्याला पुढे बरेच दिवस झाला. तो म्हणाला, "गंमत म्हणजे बाबा, तशा धारा इथेही आहेत. हिमयुगात बर्फाखालून पाणी वाहायचं ना, त्याने वाळू-खडी साठून लांबच लांब बांध तयार झाले. एस्कर म्हणतात. शब्दच मुळी आयरिश आहे."

रविंद्ररावांनी मान वर केली. "तळ्याकाठी?"

"काही काही तळ्याकाठीही आहेत."

"म्हणजे भूगोल तोच. फक्त देश वेगळा."

"अहो!" सुलेखाबाई ओरडल्या.

"मी खोटं बोलणार नाही, सुलेखा. मी देशाचं नाव तोंडातून काढणार नाही. 'मित्रहो, मी आज अशा एका धारेवर उभा आहे,' एवढंच म्हणेन. उभा तर असेन ना मी?"

"मी त्या फोनसमोर येणार नाही. आणि कोणी मला विचारलं, तर आहे ते सांगेन."

जावयाने सासऱ्याला नाही म्हणायचं नसतं, आणि सासऱ्याने आपण त्याचा फायदा घेतोय हे जावयाला कळू द्यायचं नसतं. यशोधनने ऑफली परगण्यात एक चांगली धार हेरून ठेवली. शुक्रवारी, सात तारखेला, सरकारने किल्डेअर, लीश आणि ऑफली हे तिन्ही परगणे बंद केले. बाहेरच्यांनी आत जायचं नाही, आतल्यांनी बाहेर यायचं नाही. मग त्याने पलीकडच्या वेस्टमीथमध्ये दुसरी धार शोधली. एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला पाणथळ, आणि वर पडक्या चर्चची एक भिंत. सगळं जमत होतं. फक्त वेस्टमीथला जाणारा रस्ता किल्डेअरमधून जात होता.

"जाऊ शकता, पण थांबायचं नाही," रविवारी ड्युटीवर निघताना ज्ञानदाने बजावलं. "किल्डेअरमध्ये गाडी थांबवायची नाही. पेट्रोलला नाही, कॉफीला नाही, कशालाच नाही. कळलं ना यशोधन? आणि बाबा, तुम्ही निघताना चहा घेऊ नका."

रविंद्ररावांनी दोन कप घेतले. व्याख्यानाच्या आधी ते नेहमीच दोन कप घेत.

भारतातले पाच म्हणजे आयर्लंडचे साडेबारा. साडेनऊला गाडी निघाली. पुढे यशोधन, मागे सुलेखाबाई मांडीवर डब्याची पिशवी घेऊन, आणि त्यांच्या शेजारी सूट, मफलर आणि मास्क अशा थाटात रविंद्रराव. डोळे मिटून ते भाषणाची उजळणी करत होते. किल्डेअरची पाटी मागे पडली आणि लगेच रविंद्ररावांनी डोळे उघडले.

"यशोधनराव, किती वेळ आहे हा परगणा?"

"वीस मिनिटं, बाबा. का?"

"नाही, सहज."

सुलेखाबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि सगळं ओळखलं. "सांगितलं होतं लेकीनं, चहा घेऊ नका म्हणून."

"मी काही म्हटलं का?"

"तोंडावर दिसून राहिलं."

पाच मिनिटांनी पुढच्या गाड्यांचे लाल दिवे लागले. पोलिसांची तपासणी होती. गाड्यांची रांग मुंगीच्या चालीने सरकत होती. रविंद्ररावांनी पाय जवळ घेतले आणि पुन्हा डोळे मिटले. लक्ष दुसरीकडे असावं म्हणून ते भाषणाचं पहिलं वाक्य पुटपुटू लागले. यशोधनने लायसन्स आधीच काढून हाताशी ठेवलं. त्याचा नागरिकत्वाचा अर्ज भरून तयार होता, आणि पोलिसाच्या वहीत नाव गेलं तर तो तिथेच अडेल, असं त्याला वाटत होतं.

गार्डा, म्हणजे इकडचा पोलीस, खिडकीपाशी वाकला. उंच, लालबुंद, शांत. कुठे निघालात, असं त्याने इंग्रजीत विचारलं. यशोधनने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून डोळे न उघडता रविंद्रराव खणखणीत आवाजात म्हणाले, "फिनलंड!"

गार्डाने मागे पाहिलं. सूट पाहिला, मफलर पाहिला, सुलेखाबाईंच्या मांडीवरचा डबा पाहिला.

"फिनलंड," तो गंभीरपणे म्हणाला. "मग तुम्ही बराच चुकीचा फाटा घेतलात."

"वेस्टमीथ, सर. वेस्टमीथ. हे माझे सासरे. ते प्रॅक्टिस करतायत," यशोधन म्हणाला. त्याचा आवाज शाळकरी मुलासारखा येत होता.

"कशाची?"

याला एका वाक्यात उत्तर नव्हतं. मग सुलेखाबाई पुढे झाल्या आणि आपल्याला येत असलेल्या इंग्रजीत, एकेक शब्द तोलून म्हणाल्या, "माय हजबंड, वॉशरूम. अर्जंट."

गार्डाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा माणुसकी उमटली. त्याने हात हलवून गाडी सोडली आणि वर सांगितलं, की किल्डेअर संपेपर्यंत मात्र कुठे थांबू नका. ती पुढची अकरा मिनिटं रविंद्रराव रस्त्याकडेचे विजेचे खांब मोजत बसले. परगण्याच्या हद्दीची पाटी दिसल्यावर त्यांनी फक्त "हं" केलं. पलीकडच्या पेट्रोल पंपावर स्वच्छतागृहापुढे दोन-दोन मीटर अंतर राखून आठ माणसं उभी होती. रविंद्रराव नववे झाले.

धारेखाली पोचले तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. चढ छोटाच, पण ओला. वर आले, आणि खरं सांगायचं तर तिघंही क्षणभर कशासाठी आलोय ते विसरले. खाली राखाडी तळं होतं, दुसऱ्या अंगाला लव्हाळ्यांनी भरलेली पाणथळ, आणि दोन्हींच्या मधून ती हिरवी धार दूरवर गेली होती.

"सुंदर आहे हो," सुलेखाबाई म्हणाल्या. "याचंच लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

रविंद्ररावांना ते लागलं, पण वेळ नव्हती. यशोधन फोन उंच धरून सिग्नल शोधत फिरत होता. पडक्या भिंतीपाशी नाही. एकट्या उभ्या असलेल्या काटेरी झाडापाशी नाही. शेवटी गुरांच्या तारेच्या कुंपणाला लागून एका हातभर जागेत सिग्नल सापडला. पाठीमागे झाड आणि भिंत, खाली तळं. चौकट उत्तम जमली. सुलेखाबाई घडीची खुर्ची उलटी मांडून फोनकडे पाठ करून बसल्या आणि त्यांनी डबा उघडला.

साडेबाराला फोनच्या पडद्यावर एकोणतीस चौकटी उजळल्या. कुणाचं कपाळ, कुणाचा पंखा, कुणाचं देवघर. पहिल्या ओळीत गिरीशभाऊ, कोटात.

"नमस्कार रविंद्रभाऊ! आवाज येऊन राहिला का?" विनयभाऊ ओरडले.

"येऊन राहिला!" रविंद्रराव म्हणाले. "मित्रहो, मी आज अशा एका धारेवर उभा आहे, की जिच्या दोन्ही अंगांना पाणी आहे..."

आवाज कापत होता, पण शब्द शोभत होते. हिमयुग आलं, वाळू आली, खडी आली. देश आला नाही. यशोधन फोन धरून श्वास रोखून उभा होता. सहा मिनिटं निर्विघ्न गेली. मग रविंद्ररावांना वाटलं, जरा ऐटीत उभं राहावं. म्हणून "निसर्गाच्या या शक्तीपुढे" असं म्हणत त्यांनी डावा हात शेजारच्या तारेवर टेकवला.

तारेत वीज होती. गुरं बाहेर जाऊ नयेत म्हणून सोडतात तेवढीच, पण होती. चौतीस वर्षं वीज मंडळात काढलेला माणूस "हांऽऽ" असा आवाज काढून जागच्या जागी उडाला, आणि नंतर कितीतरी वेळ त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

"भावना अनावर झाल्या त्यांच्या," विनयभाऊ गहिवरून म्हणाले. एकोणतीस चौकटींत टाळ्या वाजल्या.

त्या आवाजाने की काय, एक काळीपांढरी गाय चढ चढून वर आली आणि रविंद्ररावांच्या खांद्यामागे उभी राहिली. तिच्या पाठोपाठ मोटार लावलेली चारचाकी फटफटी आली आणि तिच्यावरून टोपीवाला शेतकरी उतरला. नियमाप्रमाणे दोन मीटरवर थांबून त्याने यशोधनला हळूच विचारलं, की तो माणूस बरा आहे ना?

"व्याख्यान देतायत," यशोधन कुजबुजला.

"कशावर?"

"फिनलंडवर."

शेतकऱ्याने तळ्याकडे पाहिलं, गाईकडे पाहिलं आणि जरा विचार करून म्हणाला, "ग्रँड." मग तो ऐकायला उभा राहिला. त्याच्या टोपीवर वेस्टमीथचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. यशोधनने फोन अलगद डावीकडे वळवला.

"रविंद्रभाऊ, गाईसुद्धा आपल्यासारख्याच आहेत हो तिथे," विनयभाऊ म्हणाले. मग ज्याची यशोधनला सकाळपासून धास्ती होती तेच झालं. "आपले गिरीशभाऊ तर या जागेवर जाऊन आलेले. गिरीशभाऊ, तुम्ही सांगा ना. हीच ना ती धार?"

रविंद्ररावांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. गिरीशभाऊंनी ओठ हलवले, आवाज आला नाही. "म्यूट आहात, म्यूट!" दहा जण ओरडले. गिरीशभाऊ चष्मा वर करून पडद्यावर बोट टेकवू लागले. एकदा चित्र गेलं. परत आलं. रविंद्रराव ताठ उभे होते आणि त्यांचे डोळे त्या एका चौकटीवर खिळले होते. बारा वर्षांची अब्रू आता त्या एका बोटावर होती.

"हीच," गिरीशभाऊंचा आवाज आला. "अगदी हीच. ते झाड दिसून राहिलं ना मागं? त्याच्याखाली उभा होतो मी."

टाळ्या. यशोधनने श्वास सोडला. सुटलो, असं त्याला वाटलं. त्याने सासऱ्यांकडे पाहिलं, तर ते सुटल्यासारखे अजिबात दिसत नव्हते. ते एकटक फोनकडे पाहत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रक्त परत येत होतं.

"या झाडाखाली?" रविंद्ररावांनी गोड आवाजात विचारलं.

"याच."

"आणि हे चर्च, गिरीशभाऊ? पाहिलं असेल ना तुम्ही?"

"पाहिलं म्हणजे? आतून पाहिलं. मेणबत्ती लावली मी तिथं."

रविंद्ररावांनी मागे वळून त्या एकुलत्या एक भिंतीकडे पाहिलं. "आणि ही गाय?"

गिरीशभाऊ किंचित अडखळले. "ही नसेल. हिची आई असेल. चेहरा तोच आहे."

"बाबा," यशोधन दबक्या आवाजात म्हणाला, "बास. झालं. थँक यू म्हणा आणि संपवा."

पण रविंद्ररावांना आता थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. एकशे बारा चित्रांना वाजवलेल्या टाळ्या त्यांच्या तळहातांना आठवत होत्या. हा माणूस या धारेवर कधी गेलेलाच नाही! आणि ही गोष्ट साऱ्या जगात एकट्या रविंद्ररावांना कळली होती. ती सांगायची, तर आधी स्वतःचं सांगावं लागणार होतं. पुरस्काराचं मानपत्र पडद्यावर झळकत होतं. त्यावर त्यांचं नाव सोनेरी अक्षरांत होतं. त्यांनी ते एकदा डोळे भरून पाहिलं. माणसाने सत्याची वाट धरायची ती धैर्याने किंवा पश्चात्तापाने, असं आपण ऐकत आलो आहोत. रविंद्ररावांनी ती निव्वळ आनंदाने धरली.

"मित्रहो," ते म्हणाले, "हे आयर्लंड आहे. फिनलंड इथून दोन हजार किलोमीटर आहे. मी तिथं गेलो नाही. जन्मात कधी गेलो नाही. पाचही लेख नागपुरात बसून लिहिले."

एकोणतीस चौकटी गोठल्या. पाठमोऱ्या बसलेल्या सुलेखाबाईंचा घास थांबला.

"म्हणजे," विनयभाऊ चाचरत म्हणाले, "ही ती धार नाही?"

"नाही."

"मग गिरीशभाऊ..."

सगळ्या चौकटींतले डोळे एका चौकटीकडे वळले. गिरीशभाऊंनी पुन्हा म्यूट व्हायचा प्रयत्न केला, पण आता बोट लागेना. तेवढ्यात त्यांच्या खांद्यामागून एक बारीक, शांत आवाज आला. त्यांच्या पत्नी सुनेत्राबाई.

"सांगा ना आता. नाहीतर मी सांगते. पोट बिघडलं होतं त्यांचं तिकडं. पाचही दिवस हॉटेलात पडून होते. सगळे फोटो मी काढले."

सुलेखाबाई उठल्या, खुर्ची फिरवली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच फोनसमोर आल्या.

"सुनेत्रा, तू पाहिली ती धार?"

"पूर्ण चालले मी, सुलेखाताई. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत."

"मग तूच सांग बाई. इतक्या दिवसांत आम्हाला पाहिलेलं असं कोणी सांगितलंच नाही."

सुनेत्राबाई आधी लाजल्या, मग बोलू लागल्या. उंच पाइन, त्यांच्या तांबूस खोडांवरचं तिरपं ऊन, दोन्ही बाजूंना झाडांमधून लुकलुकणारं पाणी, आणि पायाखाली सुयांसारख्या पानांचा असा थर की आपलं पाऊल आपल्यालाच ऐकू येत नाही. "रविंद्रभाऊंनी लिहिलं ते बरंचसं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "फक्त सात वाजताचा सूर्यास्त काढून टाका. उन्हाळ्यात तिथं जेवणं आटोपली तरी ऊन असते."

रविंद्रराव ओशाळले. डून लेरीतही जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, हे ते रोज डोळ्यांनी पाहत होते. पण लेख जानेवारीत लिहून झाला होता.

पुरस्कार कुणाला द्यायचा यावर मंडळात एकमत झालं नाही. पण सुनेत्राबाई पाऊण तास बोलल्या आणि एकही चौकट बंद झाली नाही. कुंपणापाशी उभा असलेला शेतकरी एक अक्षर कळत नसताना शेवटपर्यंत थांबला. जाताना त्याने यशोधनला सांगितलं, की बाईंचं भाषण तुमच्या माणसापेक्षा चांगलं झालं.

परतीच्या वाटेवर रविंद्रराव खिडकीबाहेर पाहत बसले होते. अब्रू गेली होती. सुलेखाबाईंनी त्यांच्या हातात डब्यातली शेवटची दशमी ठेवली.

"खरं बोललात ते बरं झालं," त्या म्हणाल्या.

का बोललो, ते रविंद्ररावांनी सांगितलं नाही. ते म्हणाले, "नॉर्वेचं लिहून ठेवलं आहे, सुलेखा. सहा लेख. फाडून टाकतो आता."

"बाबा, राहू दे ना," यशोधन आरशातून पाहत म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. मंडळाच्या ग्रुपवर नव्हे, खासगीत. गिरीश पांढरीपांडे. रविंद्ररावांनी छातीवर दगड ठेवून संदेश उघडला, आणि चष्मा पुसून तो पुन्हा एकदा वाचला.

'रविंद्रभाऊ, झालं ते झालं. तुमचे पाचही लेख मी दोन-दोनदा वाचले. मी काय-काय पाहिलं ते मला त्यातूनच कळलं. नॉर्वेचं लिहिलं असेल तर पाठवा. तिथंही मी आजारीच होतो.'

रविंद्ररावांनी दशमी बाजूला ठेवली आणि उत्तर लिहायला घेतलं.

'प्रिय गिरीशभाऊ, कितव्या दिवशी पडलात ते कळवा. त्याच्या पुढचं पाठवतो.'